जंजिऱ्याला निघताना आधी तिथी बघा

नाताळ ते एकतीस डिसेंबर या आठवड्यात नागोठण्यात ज्याचं घर आहे, त्याच्याकडे पाहुणे येतातच. मुंबई-गोवा महामार्ग गावाला लागून, रोह्याची गाडी इथे थांबते, आणि पाहुण्यांची फर्माईश ठरलेली : जंजिरा दाखवा. मी नाही म्हणत नाही. पण गाडीची किल्ली घेण्याआधी भिंतीवरचं कॅलेंडर बघतो, तेही तारखेसाठी नव्हे, तिथीसाठी.

नागोठण्यातून समुद्र दिसत नाही, तरी भरती-ओहोटी आमच्या अंगवळणी पडलेली. खाडीचं पाणी अंबा नदीतून गावापर्यंत चढतं. पूर्वी मुंबईच्या लाँचा त्याच पाण्यावर इथल्या बंदराला लागत. पावसाळ्यात वरून पूर आणि खालून भरती एकदम आली की बाजारपेठेत पाणी शिरतं. जुनी माणसं भरतीची वेळ तोंडी काढत. तिथीला तीनने गुणा, चाराने भागा. येईल त्या आकड्याच्या सुमाराला पूर्ण भरती, दिवसातून दोनदा. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. तिथून सव्वासहा तासांनी पुरती ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. मिनिटाचा हिशेब हवा असेल तर मोबाइलवर वेळापत्रक मिळतं.

हा हिशेब जंजिऱ्याला का लागतो, ते माझ्या ताईच्या पायाने आम्हाला शिकवलं. त्या वर्षी पुण्याहून भाचा, सूनबाई, त्यांची मुलं आणि सत्तरीतली ताई असे सगळे आले होते. द्वादशी होती, म्हणजे भरती सकाळी नऊची. जंजिऱ्याच्या होड्या सुटतात त्या राजपुरीच्या धक्क्यावर साडेआठला उभं राहायचं, असं रात्रीच ठरलं होतं. पण मुलांना अलिबाग बघायचं होतं, म्हणून वडखळवरून गेलो, आणि वडखळपासून पोयनाडपर्यंत गाड्यांची रांग हलेना. पुढे रेवदंडा, साळावचा पूल, मुरूडचा बाजार, सगळीकडे तीच गत. राजपुरीत तिकिटाची रांग धक्क्याच्या बाहेर आलेली. होडीत बसेपर्यंत दोन वाजून गेले होते. नऊचं पाणी पार उतरलेलं.

जंजिऱ्याचा महादरवाजा राजपुरीकडे तोंड करून आहे आणि त्याच्या पायऱ्या थेट समुद्रात उतरतात. भरतीला होडी वरच्या कोरड्या पायरीशी येते. ओहोटीला उघड्या पडतात त्या खालच्या पायऱ्या : शेवाळाने हिरव्या, कडेला कालवं चिकटलेली. त्यात दुपारचा खारा वारा सुटलेला. होडी हातभर वर जायची, हातभर खाली. खलाशी ताईला म्हणाला, "थांब आजी, लाट येऊ दे. मी बोलतो तवाच पाय टाक." त्याने सांगितल्यावरच तिने पाय टाकला, पण शेवाळावर तो ठरला नाही. खलाशाने मनगट घट्ट धरलं होतं म्हणून ती पाण्यात गेली नाही. नडगी मात्र कालवांच्या धारेवर घासून उभी सोलली गेली. पिण्याच्या पाण्याने जखम धुतली, सूनबाईच्या ओढणीची पट्टी बांधली. दरवाजातच बसून राहिल्यामुळे ताईला एवढंच दिसलं, पंजात हत्ती धरलेल्या श्वापदाचं दगडी शिल्प. कलालबांगडी तोफ, गोड्या पाण्याचा तलाव, काहीच नाही. मुरूडला धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन रात्री घरी आलो.

म्हणून या आठवड्यात जाणाऱ्याला माझं पहिलं सांगणं : अष्टमी-नवमीच्या आसपासचा दिवस मिळाला तर तो धरा. तेव्हा भांग असतो, भरती-ओहोटीतला फरक कमी. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात म्हातारी माणसं आणि तान्ही मुलं घेऊन जाऊच नका. आणि जायचं ते सकाळीच. थंडीत पहाटे जमिनीकडून मतलई वारा असतो, पाणी त्यामानाने शांत. दुपारनंतर वारा फिरतो आणि लाटा उठतात. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी राजपुरीच्या होड्या थांबतात, तेही धरून चाला. निघण्याआधी गड उघडा आहे ना, हे तिथल्या कुणाला तरी विचारून घ्या.

नागोठण्याहून मी आता अलिबागची वाट धरत नाही. पहाटे रोहा, तिथून केळघरवरून मुरूड. घाटरस्ता आहे, पण नाताळातही वाहता असतो. पायात मागे पट्टा असलेले सँडल घाला. हातात पिशवी नको, दोन्ही हात मोकळे हवेत.

लाइफ जॅकेटबद्दल मला तळमळीने सांगायचं आहे. घारापुरीही आमच्या रायगड जिल्ह्यातलंच बेट. १८ डिसेंबर २०२४ ला, असाच सुट्ट्यांचा हंगाम तोंडावर असताना, गेटवेहून तिकडे निघालेल्या 'नीलकमल' बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली आणि १५ माणसं गेली. बोट नीट चालवली म्हणजे अपघात होत नाही, असं यापुढे कुणी म्हणू नये. धडक समोरूनही येते. जॅकेट नुसतं गळ्यात अडकवू नका, सगळे बंद आवळा. लहान मुलाला मोठ्या माणसाचं जॅकेट पाण्यात वर निसटतं, त्याच्या मापाचं मागा. नसेल तर ती होडी सोडा. होडी गच्च भरलेली दिसली तरी सोडा. मागच्या रांगेतले बडबडतील, बडबडू द्या.

गड बघून मुरूडच्या किनाऱ्यावर पोरं पाण्यात धावतात, तिथे पुन्हा तिथीचा हिशेब करा. १ फेब्रुवारी २०१६ ला याच किनाऱ्यावर सहलीला आलेले पुण्याचे १४ विद्यार्थी बुडाले. ओहोटी लागली की पाणी माणसाला आत ओढतं आणि पट्टीच्या पोहणाऱ्यालाही परतता येत नाही. पाणी उतरत असेल तेव्हा वाळूवर खेळा, घोटाभर पाण्याच्या पुढे जाऊ नका.

२४ च्या रात्री मुक्काम असेल तर साळाव आणि मुरूडच्या मध्ये कोर्लई लागतं, तिथे जा. पोर्तुगीज इथून गेले १७४० मध्ये, पण त्यांच्या भाषेतून जन्मलेली बोली इथली ख्रिस्ती कुटुंबं आजही घरात बोलतात. देशात असं गाव क्वचितच सापडेल, आणि तिथला नाताळ मनापासून बघण्यासारखा आहे. पण तो त्यांचा सण आहे. गाडी गावाबाहेर ठेवा, चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना मोबाइल खिशात राहू द्या, आणि कुणाच्या दारातल्या ख्रिस्तजन्माच्या गोठ्याचा फोटो हवा असेल तर आधी घरच्या बाईला विचारा. आम्ही विचारलं, तेव्हा तिने मुलांना आत बोलावून बसवलं आणि त्यांच्या हातावर फराळ ठेवला.