शेजारची कडी तुटली तेव्हा

कोपरखैरणे,
गुरुपौर्णिमा

चि. ओंकार यास,


परवा घरी आलास तेव्हा बोलता बोलता म्हणालास, "आत्या, अपडेटचं नाव काढलं की ऑफिसातले लोक अंगावर येतात. शिपिंग बिलांची घाई असते, ब्राउझर कोण बंद करणार? आणि आता सगळ्या ब्राउझरना सँडबॉक्स असतोच की." घरात पाहुणे होते म्हणून मी विषय वाढवला नाही, पण तुझं ते शेवटचं वाक्य मनातून जाईना. महाप्याच्या त्या क्लिअरिंग एजंटच्या कचेरीतले चाळीस संगणक तुझ्या भरवशावर चालतात. म्हणून हे पत्र.

सँडबॉक्स म्हणजे काय ते तू शिकला आहेस. तो फुटतो कसा, तेही नीट समजून घे. वेबपान चालवणाऱ्या प्रक्रियेला ब्राउझर जवळजवळ कोंडून ठेवतो. तिला फाइल हवी, काही छापायचं असलं, तर मुख्य प्रक्रियेकडे मागणी करावी लागते. मुख्य प्रक्रिया म्हणजे सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन. कोण, कशासाठी, हे विचारून तो लागेल तेवढंच देतो. पळू पाहणारा भिंतीशी झटत बसत नाही, तो वॉचमनलाच चकवतो.

मार्च २०२५ मध्ये नेमकं हेच झालं. रशियातल्या प्रसारमाध्यमांतल्या, शिक्षणसंस्थांतल्या आणि सरकारी कार्यालयांतल्या लोकांना एका परिषदेच्या निमंत्रणाचे ईमेल गेले. दुव्यावर क्लिक करून क्रोममध्ये पान उघडलं की पुरे, आणखी काहीच करावं लागत नव्हतं. कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीच्या बोरिस लारिन आणि इगोर कुझनेत्सोव या संशोधकांनी हा हल्ला पकडला आणि गूगलने २५ मार्चला दुरुस्ती दिली.

त्यातली चूक किती बारीक होती बघ. विंडोजमध्ये फाइल, प्रक्रिया किंवा तिच्यातला कामाचा धागा म्हणजे थ्रेड हाताळायला हँडल लागतं. काही हँडल खरी नसतात, नुसती सर्वनामं असतात. उणे एक म्हणजे 'ही माझी प्रक्रिया', उणे दोन म्हणजे 'हा माझा थ्रेड'. आणि 'माझा' म्हणजे कोणाचा, हे बोलणाऱ्यावर ठरतं. क्रोमच्या तपासणीत उणे एक अडवलं जात होतं, उणे दोन मात्र नजरेतून सुटलं होतं. कोंडलेल्या प्रक्रियेने उणे दोन पुढे केलं. मुख्य प्रक्रियेने ते जसंच्या तसं आपल्या तोंडून उच्चारलं आणि 'माझा'चा अर्थ बदलला. तिने स्वतःच्याच थ्रेडचं खरं हँडल कैद्याच्या हाती दिलं. भिंतीचा टवकाही उडाला नाही आणि कैदी बाहेर!

पण मला तुला सांगायचं आहे ते याच्या पुढचं. ही बातमी वाचून फायरफॉक्सच्या लोकांनी "ते क्रोमचं दुखणं" म्हणून पान उलटलं नाही. स्वतःचा कोड उघडून ते तसलीच चूक शोधत बसले आणि ती सापडली. त्यांच्याकडेही कोंडलेली प्रक्रिया मुख्य प्रक्रियेकडून नको तितकं ताकदवान हँडल मिळवू शकत होती. क्रोमनंतर दोनच दिवसांनी, २७ मार्चला, फायरफॉक्स १३६.०.४ आला. ही चूक फक्त विंडोजवरची, पण तुझे चाळीसच्या चाळीस संगणक विंडोजचेच आहेत. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असं आपण सहज म्हणून जातो. हे शहाणपण आपोआप येत नाही, बाळा. ठेच दुसऱ्याला लागली असताना आपल्याला वाकून स्वतःची वाट तपासावी लागते.

ईमेलचं सॉफ्टवेअर यातून सुटलं असं समजू नकोस. थंडरबर्ड फायरफॉक्सच्याच पायावर उभा आहे. त्यात मेल वाचताना स्क्रिप्ट बंद असतात, म्हणून धोका पुष्कळ कमी, पण पाया एकच. याचं उदाहरण बघ. जून २०१९ मध्ये कॉइनबेस या क्रिप्टो कंपनीच्या कर्मचाऱ्यांना केंब्रिज विद्यापीठाच्या नावाने मेल आले आणि त्यातल्या दुव्यामागे फायरफॉक्सच्या दोन चुका जोडून वापरलेल्या होत्या. एक पानात शिरकाव करणारी, दुसरी सँडबॉक्समधून बाहेर काढणारी. फायरफॉक्स दुरुस्त झाला, त्यापाठोपाठ थंडरबर्डलाही ६०.७.२ ही आवृत्ती काढावी लागली.

आता आपल्या दारातलं. चूक वेगळ्या जातीची, पण धडा तोच. मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ ला विंडोजची एक मोठी दुरुस्ती दिली होती. १२ मे रोजी वॉनाक्राय या खंडणीखोर सॉफ्टवेअरने त्याच फटीतून जगभर धुमाकूळ घातला. एवढी ठेच लागूनही २७ जूनला नॉटपेट्या हा दुसरा हल्ला आला तेव्हा असंख्य संगणकांवर ती फट उघडीच होती. पसरायला त्याला आणखीही वाटा होत्या, पण ही एक तरी बुजवता आली असती. आपल्या न्हावा-शेवा बंदरातल्या जीटीआय टर्मिनलचं संगणकीकृत काम त्या दिवशी बंद पडलं. तुझ्या कचेरीची पोटापाण्याची वाट त्याच बंदरातून जाते.

मीही एकदा टाळाटाळ केली होती. तेव्हाच्या माझ्या कचेरीत महिनाअखेर होती, हिशेबाच्या मुलींनी "दोन दिवस थांबा" म्हटलं आणि मी मान डोलावली. तिसऱ्या दिवशी एका संगणकातल्या सगळ्या फायली कुलूपबंद झाल्या. त्या मुली रात्री नऊपर्यंत पावत्यांच्या गठ्ठ्यातून एकेक आकडा पुन्हा भरत होत्या. मला कोणी शब्दाने बोललं नाही, पण ती वाकलेली डोकी मी अजून विसरले नाही.

म्हणून सांगते ते कर. एक वही कर. प्रत्येक संगणकाचा क्रमांक, ब्राउझरची आणि मेलच्या सॉफ्टवेअरची आवृत्ती, पाहिल्याची तारीख. अपडेट नुसतं उतरून भागत नाही, ब्राउझर बंद करून उघडल्याशिवाय ते लागू होत नाही. जेवणाच्या सुट्टीत ते करून घे. टॅब परत जसेच्या तसे उघडायची सोय आधी करून दे, म्हणजे निम्मी भांडणं मिटतील. कोणालाही रोजच्या कामासाठी ॲडमिनिस्ट्रेटरचं खातं देऊ नकोस. म्हणजे सँडबॉक्समधून निसटलेल्याच्या हाती निदान सगळं घर तरी लागत नाही. आणि सर्ट-इन या सरकारी सायबरसुरक्षा संस्थेच्या सूचना सकाळच्या चहाबरोबर वाच. ज्या सॉफ्टवेअरचं नाव त्यात असेल ते तुझ्याकडे नसलं, तरी विचार, "अशीच चूक माझ्याकडे कुठे असेल?"

लोक चिडतील, चिडू देत. त्यांच्यावर रागावू नकोस, त्यांना घाई आहे ती खरी आहे. पण त्यांनी न मागता त्यांची काळजी घेणं हेच तुझं काम.

येत्या रविवारी जेवायला ये. येताना ती वही घेऊन ये. चाळीसच्या चाळीस ओळी मला बघायच्या आहेत.

तुझी,
आत्या