मुलांना पाककृती लिहायला कसे शिकवावे?



आपल्या घरी रोज स्वयंपाक होतो. भाकरी होते, कोरड्यास होते, पिठले होते. कुणी पुस्तक उघडून करीत नाही. आईने केले, लेकीने पाहिले. सासूने सांगितले, सुनेने केले. असे हे ज्ञान एका हातातून दुसऱ्या हातात आले. ते मोठे ज्ञान आहे. पण ते हातात आहे, कागदावर नाही. ते हात थकले, म्हणजे घरची चवही जाते. मागे राहिलेली माणसे म्हणतात, "आईच्या हातची आमटी काही जमत न्हाई बघा." कशी जमणार? आईने काय घातले, किती घातले, हे कुणी लिहूनच ठेवले नाही.

मुलगा कामासाठी पुण्या-मुंबईला जातो. लेक लांबच्या गावी दिली जाते. आता फोनवर विचारता येते, हे खरे. पण सांगणारे माणूस जन्मभर पुरत नाही. लिहिलेला कागद पुरतो.

म्हणून मुलांना लहानपणीच पाककृती लिहायला शिकवावे. पाककृती म्हणजे पदार्थ कसा करावा, याची लिहिलेली माहिती. हे काम फक्त शाळेचे नाही. त्यात तुमचीही गरज आहे. कसे, ते या पाठात पाहू.

चौथी शिकलेली बाई

आजच्या सांगली जिल्ह्यात कुंडल नावाचे गाव आहे. तेथे १९१३ साली कमलाबाई ओगले यांचा जन्म झाला. त्यांचे शिक्षण चौथीपर्यंतच झाले. लग्न होऊन त्या सांगलीला आल्या. सासूबाईंच्या हाताखाली स्वयंपाक शिकल्या. पुढे १९७० साली त्यांचे 'रुचिरा' हे पुस्तक निघाले. ते महाराष्ट्रात घरोघर गेले. परगावी, परदेशी राहणाऱ्या मुलीसुनांनी ते बरोबर नेले.

हे कशामुळे झाले? कमलाबाईंनी मापे सोपी ठेवली. तोळे आणि शेर यांच्या नादी न लागता त्यांनी वाटी आणि चमचा ही मापे घेतली. वाटी आणि चमचा कुणाच्या घरी नसतो? जुने शेर, मापटे, चिपटे गावोगाव वेगळे असत. १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला आणि पुढे देशभर किलो व लिटर आले. पण चुलीपुढे बसलेली बाई तराजू घेऊन बसत नाही. तिला वाटीच बरी.

चौथी शिकलेल्या बाईने जे केले, त्यातून एक गोष्ट शिकावी. चांगले लिहायला अवघड शब्द लागत नाहीत. वाचणाऱ्याला जमेल असे लिहावे लागते.

वर्गातला पाठ

आम्ही तिसरी-चौथीच्या मुलांना हा पाठ देत असू, तेव्हा चूल पेटवीत नसू. लिंबाचे सरबत घेत असू. भाजण्याची भीती नाही, खर्चही थोडा.

पहिल्यांदा मुलांना काहीही न सांगता लिहू द्यावे. मुले साधारण असे लिहितात: "पाण्यात लिंबू टाकायचं. मग साखर टाकायची. मग प्यायचं."

आता त्याच कागदाची परीक्षा घ्यावी. एका मुलाने कागद वाचावा. दुसऱ्याने वाचले तेवढेच करावे. जास्त नाही, कमी नाही. "पाण्यात लिंबू टाकायचं," असे वाचले, की दुसरा अख्खे लिंबू तांब्यात टाकतो! सारा वर्ग हसतो. लिहिणारा ओरडतो, "आरं, कापून पिळायचं!" तेव्हा गुरुजींनी शांतपणे विचारावे, "मग कागदावर तसं कुठं लिहिलंय?"

एवढा एक प्रश्न पुष्कळ शिकवतो. आपण बोलतो तेव्हा समोरचा माणूस विचारतो, आपण हाताने दाखवतो. कागदाला हात नाहीत. लिहिणारा जवळ नसताना वाचणाऱ्याला जमले पाहिजे. लिहिण्याची खरी कसोटी हीच. अर्ज असो, पत्र असो, की पाककृती असो.

मग फळ्यावर चार गोष्टी लिहाव्यात:

१. नाव आणि माणसे: काय करायचे? किती जणांसाठी?
२. साहित्य: काय काय लागेल? प्रत्येक वस्तू किती?
३. कृती: आधी काय, मग काय? एका वाक्यात एकच काम.
४. खूण: झाले हे कशावरून ओळखावे?

यानंतर मुलांनी तीच पाककृती पुन्हा लिहावी. ती अशी होते:

लिंबाचे सरबत (चार जणांसाठी)

साहित्य: पिण्याचे पाणी ४ पेले, लिंबे २, साखर ८ चमचे, मीठ पाव चमचा.

कृती: १. लिंबे धुवा. २. प्रत्येक लिंबाचे दोन भाग करा. चाकू मोठ्या माणसाने धरावा. ३. रस वाटीत पिळा. ४. बिया काढा. ५. पाण्यात साखर व मीठ घालून ढवळा. ६. साखर विरघळली, की रस घाला. ७. पुन्हा ढवळा.

खूण: तळाशी साखर दिसत नाही.

पाहा, यात एकही अवघड शब्द नाही. तरी कुणीही वाचून सरबत करील.

घरचा पाठ

आता तुमचे काम येते. मुलाला घरी सांगावे, "आज पिठल्याची कृती लिही." तो आईला विचारील, "बेसन किती?" आई म्हणेल, "अंदाजानं." मीठ किती? "चवीपुरतं." पाणी किती? "लागंल तेवढं."

आईचा अंदाज खोटा नाही. वर्षानुवर्षांच्या सवयीने तिचा हातच माप झाला आहे. पण तो हात मुलाजवळ नाही. म्हणून एक युक्ती करावी. आईने नेहमीसारखेच बेसन घ्यावे, पण पातेल्यात घालण्याआधी मुलाने ते वाटीत मोजावे. मीठ चमच्यात मोजावे. पाणी त्याच वाटीने मोजावे. मग दिसते, की एक वाटी बेसनाला आई सुमारे तीन वाट्या पाणी घेते. आईलाही नवल वाटते! मापाची वाटी मात्र एकच ठेवावी. मध्येच बदलू नये.

खुणाही विचाराव्यात. फोडणी केव्हा द्यायची? मोहरी तडतडली म्हणजे. कांदा किती वेळ परतायचा? मऊ होईपर्यंत. बेसन पाण्यात कसे कालवायचे? गुठळी राहणार नाही असे. या खुणा घड्याळापेक्षा खऱ्या असतात, कारण एकाची चूल मोठी, दुसऱ्याची शेगडी बारीक.

लिहून झाले, की तुम्ही तो कागद स्वतः वाचा. तुम्ही आता वाचायला शिकला आहात. चुकले असेल तेथे सांगा. मुलगा अक्षरे जाणतो, तुम्ही पदार्थ जाणता. दोघे मिळून पाककृती पुरी होते.

मापाची चूक कुठे महागात पडते?

पिठल्यात मीठ जास्त पडले तर जेवण बिघडते. पण एक पाककृती अशी आहे, की तिच्यात माप चुकले तर जिवाला धोका होतो. ती म्हणजे जुलाब झाल्यावर द्यायचे साखर-मिठाचे पाणी.

साहित्य: उकळून गार केलेले पाणी १ लिटर, साखर ६ चमचे, मीठ अर्धा चमचा. चमचा चहाचा लहान घ्यावा, म्हणजे ५ मिलिलिटरचा. तो सपाट भरावा, शीग नको.

कृती: साखर व मीठ पाण्यात पुरते विरघळवा. घोटघोट, पुन्हापुन्हा पाजा. उरलेले पाणी २४ तासांनंतर फेकून द्या. अंगावर पिणाऱ्या मुलाचे दूध बंद करू नका.

मीठ जास्त झाले तर लहान मुलाला अपाय होतो. साखर जास्त झाली तर जुलाब वाढतात. आरोग्य केंद्रातली पुडी मिळाली तर ती आधी वापरा, आणि पुडीवर लिहिले असेल तेवढेच पाणी घ्या. मूल मलूल झाले, डोळे खोल गेले, पाणी पिईना किंवा शौचात रक्त दिसले, तर लगेच दवाखान्यात न्या.

बांगलादेशात ब्रॅक नावाच्या संस्थेने १९८० ते १९९० या काळात असेच पाणी घरोघर शिकवले. वाचता न येणाऱ्या आयांसाठी त्यांनी हाताची मापे घेतली: तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. पण नुसते सांगून शिकवणाऱ्या बाया निघून गेल्या नाहीत. प्रत्येक आईकडून पाणी समोर करून घेतले. अशा रीतीने एक कोटीहून अधिक घरे झाली. चिमूट हाताने दाखवावी लागते, म्हणून दारोदार जावे लागले. आपल्याला वाचता येते. आपल्या भिंतीवर एक कागद नीट लिहून लावला, तर रात्री-अपरात्री तोच गुरुजी होतो.

तेव्हा आजच एक वही करा. पहिल्या पानावर हे साखर-मिठाचे पाणी लिहा. दुसऱ्या पानापासून घरातल्या वडीलधाऱ्या बाईला विचारून एकेक पदार्थ लिहा. पदार्थाखाली तिचे नाव घाला. पुढे नातवंडे ती वही वाचतील आणि म्हणतील, "ही आमच्या आजीची आमटी."

अभ्यास

१. पाककृतीत कोणत्या चार गोष्टी लिहाव्यात?
२. "चवीपुरतं मीठ" एवढेच लिहिले, तर नवशिक्याची काय अडचण होईल?
३. एक लिटर पाण्यात साखर किती व मीठ किती घालावे? न पाहता सांगा, मग पाठात पाहून खात्री करा.
४. तुमच्या घरच्या एका पदार्थाची कृती लिहा. ती शेजाऱ्याला वाचायला द्या. त्याला काय विचारावे लागले, ते कृतीत भरा.