समुद्रावरचं आकाश : तिथे शेत नसतं!

बारामती एमआयडीसीच्या धावपट्टीवरून उडणारी शिकाऊ विमानं आपल्या हॉस्टेलवर घरघरत असतात. २५ जुलै २०२२ रोजी असंच एक विमान इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीत शेतात कोसळलं. शिकाऊ वैमानिक विमानात एकटीच होती. ती जखमी झाली, पण वाचली. गावकरी लगेच मदतीला धावले. आता विचार करा, खाली शेत नाही, गाव नाही, नुसता अरबी समुद्र असेल तर? म्हणूनच समुद्रावरून उडण्याचे नियम वेगळे आणि कडक आहेत. ते थोडक्यात समजून घेऊ.

१) रडार आणि रेडिओ का पुरत नाहीत?

आपण फिजिक्समध्ये शिकलोय की व्हीएचएफ लहरी सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी गोल आहे. ढोबळ सूत्र असं : उंचीचं (फुटांत) वर्गमूळ गुणिले १.२३ = पल्ला (नॉटिकल मैलांत). ३५,००० फुटांचं वर्गमूळ साधारण १८७, म्हणजे पल्ला सुमारे २३० नॉटिकल मैल, म्हणजेच ४२५ किलोमीटर. किनाऱ्यावरच्या रडारचीही हीच अडचण. भारताच्या जबाबदारीत सुमारे २८ लाख चौरस नॉटिकल मैल आकाश आहे आणि त्यातलं निम्म्याहून जास्त समुद्रावर! अरबी समुद्राचा मोठा भाग मुंबई सांभाळते. पलीकडे मस्कत, मोगादिशू यांच्या हद्दी लागतात.

२) मग बोलायचं कसं?

जुना उपाय म्हणजे एचएफ रेडिओ. या लहरी आयनोस्फिअरवरून परत खाली येतात, त्यामुळे हजारो किलोमीटर जातात. दिवसा वरची फ्रिक्वेन्सी, रात्री खालची. पण खरखर इतकी की सतत कान लावून बसणं अशक्य. म्हणून ‘सेलकॉल’ : प्रत्येक विमानाला चार अक्षरांचा कोड, जमिनीवरून तो पाठवला की त्याच कॉकपिटमध्ये घंटी वाजते. नवीन उपाय म्हणजे उपग्रहावरून लेखी निरोप (सीपीडीएलसी) आणि विमानाने आपली जागा आपोआप कळवणं (एडीएस-सी). या सोयी नसतील तर प्रत्येक ठरलेल्या बिंदूवर वैमानिक स्वतः सांगतो : मी कुठे, किती वाजता, किती उंचीवर, पुढचा बिंदू कोणता आणि तिथे कधी पोचणार.

३) कंपनीकडे काय हवं?

नुसतं विमान आणि पायलट असून भागत नाही. डीजीसीएकडून एकेका गोष्टीची वेगळी मंजुरी लागते.

• आरएनपी-१० : उड्डाणाच्या ९५ टक्के वेळ विमान आपल्या रेषेपासून १० नॉटिकल मैलांच्या आत राहिलं पाहिजे. त्यासाठी दोन स्वतंत्र दिशादर्शक यंत्रणा हव्यात.

• आरव्हीएसएम : २९,००० ते ४१,००० फुटांत पूर्वी दोन विमानांत २,००० फूट अंतर ठेवत. ते १,००० झालं, म्हणजे ७ मजल्यांचे १३ झाले. भारतात हे २००३ पासून आहे. पण उंची मोजणाऱ्या दोन स्वतंत्र यंत्रणा आणि उंची धरून ठेवणारा ऑटोपायलट नसेल तर तिथे प्रवेश नाही.

• ईटॉप्स : दोन इंजिनांच्या विमानाचं एक बंद पडलं, तर उरलेल्या एकावर किती मिनिटांत विमानतळ गाठता येईल? मूळ मर्यादा ६० मिनिटांची. १९८५ मध्ये १२० मिनिटांची परवानगी मिळाली आणि पुढे ती वाढत गेली. त्यासाठी देखभालीचे नियमही वेगळे.

४) बिघाड झालाच तर?

इंजिन बंद पडलं आणि परवानगी मिळत नाहीये, तर तिथेच सरळ खाली यायचं नाही, खाली दुसरं विमान असू शकतं! आधी निदान ३० अंश वळायचं, मूळ मार्गापासून ५ नॉटिकल मैल बाजूला समांतर जायचं, मग उंची बदलायची. त्याच वेळी १२१.५ वर आजूबाजूच्यांना सांगत राहायचं. हायवेवर टायर फुटल्यावर गाडी आधी कडेला घेतो, तसंच.

५) हे नियम फुकट आलेले नाहीत

१ जून २००९ रोजी एअर फ्रान्सचं ४४७ अटलांटिकमध्ये पडलं, २२८ जण गेले. समुद्रतळाशी अवशेष सापडायला जवळजवळ दोन वर्षं लागली. ८ मार्च २०१४ रोजी मलेशियाचं एमएच-३७० हे २३९ जणांसह नाहीसं झालं. त्यानंतर मोठ्या प्रवासी विमानांची जागा समुद्रावर निदान दर १५ मिनिटांनी कंपनीला कळली पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय नियम २०१८ मध्ये लागू झाला.

भिगवणला येणारे फ्लेमिंगो कुणाची परवानगी घेत नाहीत, माणसाला मात्र घ्यावी लागते! पायलटचं शिक्षण आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी परवडणारं नाही. पण एअरपोर्ट्स अथॉरिटीची एटीसीची परीक्षा इंजिनिअरिंगवाल्यांना देता येते. तेव्हा ‘वेव्ह प्रॉपगेशन’चा धडा ऑप्शनला टाकण्याआधी एवढंच आठवा : रात्री समुद्रावरच्या एखाद्या विमानाचा जमिनीशी असलेला एकमेव धागा तोच असू शकतो.