वळवाच्या विजा आणि लिंबाचं झाड

प्रश्न : मे महिन्यात दुपारनंतर वावटळ सुटते, विजा कडाडतात. रानात असलो की लिंबाखाली थांबतो. चालेल का?
– एक शेतकरी, गेवराई

उत्तर : अजिबात नको. आपला खरा वैरी वीज. झाडावर पडलेली वीज बुंध्यातून जमिनीत पसरते, म्हणून बैलंही तिथं बांधू नका. गडगडाट ऐकताच पक्क्या घरात जा, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा. घर लांब असेल तर झाडं-खांबांपासून दूर, पाय जुळवून उकिडवे बसा. आडवं पडू नका. पुण्याच्या हवामान शास्त्रज्ञांचं विजेचा इशारा देणारं ‘दामिनी’ अ‍ॅप फोनवर घ्याच. आणि हो, पत्र्यावरचे दगड उतरवा, वाऱ्यात तेच डोक्यात बसतात. पत्रे नटबोल्टनं आवळा.