चित्र मध्येच का थांबते?

२३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्रावर उतरले. त्या प्रसंगाची चित्रफीत मी घरच्या संगणकात साठवून ठेवली होती. एके दिवशी मानोऱ्यातील आमच्या घरी शेजारची मुले ती पाहण्यास जमली. दूरदर्शन संचाला जोडलेली पेटी, म्हणजे मीडिया प्लेअर, दुसऱ्या खोलीतील संगणकातून ती फीत वाय-फायने घेत होती. यान उतरू लागले आणि नेमके तेव्हाच चित्र थांबले! पडद्यावर नुसते वर्तुळ फिरू लागले. "पेटी बिघडली, नवी आणा," असा निकाल मुलांनी दिला. पण पुराव्यावाचून निकाल देणे विज्ञानाला मान्य नाही.

प्रथम थोडे गणित करू. फीत एक तासाची, २.७ अब्ज बाइटची. एका बाइटमध्ये ८ बिट, म्हणून एकूण २१.६ अब्ज बिट. त्यांना ३६०० सेकंदांनी भागा. सेकंदाला सरासरी ६० लाख बिट पेटीत पोहोचलेच पाहिजेत.

आलेले बिट पेटी थोडा वेळ साठवते. या साठ्याला 'बफर' म्हणतात. गच्चीवरील टाकी आठवा. येणारे पाणी कमी आणि नळातून जाणारे जास्त, तर काही वेळाने टाकी रिकामी होणारच. फिरणारे वर्तुळ म्हणजे टाकी पुन्हा भरत असल्याची खूण.

मग धार कोठे बारीक होते? एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहू.

प्रयोग पहिला. फीत पेनड्राइव्हवर घेऊन थेट पेटीला लावली. चित्र सुरळीत! म्हणजे पेटी व फीत दोन्ही निर्दोष. (येथेही चित्र अडखळले असते तर? चित्रफिती लहान करण्याच्या पद्धती अनेक आहेत. २०१३ साली आलेली एचईव्हीसी पद्धत जुन्या पेट्यांना बहुधा उलगडत नाही.)

प्रयोग दुसरा. पेटी पुन्हा वाय-फायवर घेतली, पण संगणक राउटरला तारेने जोडला. चित्र थांबेनासे झाले. कारण पाहा. पूर्वी प्रत्येक बिट हवेतून दोनदा जात होता : संगणकाकडून राउटरकडे आणि राउटरकडून पेटीकडे. एका वाहिनीवर एका वेळी एकानेच बोलायचे असते, वर्गात असते तसेच. त्यामुळे वेग जवळजवळ निम्मा होतो.

प्रयोग तिसरा. तार काढली आणि लोखंडी कपाटामागचा राउटर उघड्या फळीवर ठेवला. चित्र सुधारले, तरी अधूनमधून थांबलेच. २.४ गिगाहर्ट्झच्या या लहरींची लांबी १२.५ सेंटीमीटर असते. लोखंडी पत्रा त्यांना परत फिरवतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. फीत घराबाहेरून येत नव्हती. इंटरनेटचा महागडा वेग घेऊनही काही उपयोग झाला नसता. दोष शोधण्यापूर्वी वाट कोठून कोठे जाते, हे कागदावर काढावे. आमचे काम एका तारेवर भागले. नवी पेटी आणली असती, तर तीही थांबलीच असती.

तुम्ही सोडवा : दोन तासांचा चित्रपट ३.६ अब्ज बाइटचा आहे. राउटरपासून पेटीपर्यंत वाय-फाय सेकंदाला ७० लाख बिट नेते. संगणक व पेटी दोन्ही त्याच वाय-फायवर असतील, तर चित्रपट न थांबता चालेल काय? संगणकाला तार जोडली तर?