दिव्यांगांचे हक्क आणि कार्यालयाची पायरी

सन १९८१ हे वर्ष सिंधुदुर्गाच्या दृष्टीने संस्मरणीय होय. १ मे रोजी रत्नागिरी जिल्ह्याचे विभाजन होऊन हा जिल्हा अस्तित्वात आला. तेच वर्ष संयुक्त राष्ट्रसंघाने आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष म्हणून पाळले; ‘संपूर्ण सहभाग आणि समानता’ हे त्याचे सूत्र होते. जिल्हा लहान झाला म्हणजे कार्यालय लोकांच्या जवळ येते. परंतु ज्या नागरिकास त्या कार्यालयाची पायरी चढता येत नाही, त्याला ते पूर्वीइतकेच दूर राहते. हे अंतर मिटविणे ही आता केवळ भूतदयेची बाब राहिलेली नसून ते कायद्याने सोपविलेले कर्तव्य आहे.

कायद्याची वाटचाल

अपंग व्यक्तींसंबंधीचा १९९५ चा अधिनियम ७ फेब्रुवारी १९९६ पासून अमलात आला. त्याची जागा घेणारा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. पूर्वीच्या सात प्रकारांऐवजी यात एकवीस प्रकारच्या दिव्यांगत्वाचा समावेश आहे.

येथे एक भेद ध्यानी घेणे अगत्याचे आहे. शासकीय नोकऱ्यांत किमान चार टक्के आरक्षण, उच्च शिक्षणात किमान पाच टक्के जागा आणि सहा ते अठरा वर्षे वयापर्यंत मोफत शिक्षण हे लाभ चाळीस टक्के वा अधिक दिव्यांगत्व प्रमाणित झालेल्यांना मिळतात. समानतेचा व सुगम्यतेचा हक्क मात्र सर्वच दिव्यांगांना आहे. परीक्षेत लेखनिक मिळण्यासाठी चाळीस टक्क्यांची अट सरसकट लावता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये स्पष्ट केले. शिक्षकबंधुभगिनींनी हा निर्णय अवश्य लक्षात ठेवावा.

इमारतींविषयीचे बंधन

सुगम्यतेच्या नियमांत न बसणाऱ्या आराखड्यास बांधकामाची परवानगी देऊ नये, तसेच अशा इमारतीस पूर्णत्वाचा दाखलाही देऊ नये, असे अधिनियमाचे कलम ४४ सांगते. जुन्या सार्वजनिक इमारती नियम प्रसिद्ध झाल्यापासून पाच वर्षांत सुगम्य करावयाच्या होत्या. नियम १५ जून २०१७ रोजी प्रसिद्ध झाले. म्हणजे ती मुदत २०२२ मध्येच संपली. पुढे ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, सुगम्यतेची मानके केवळ मार्गदर्शक ठेवून चालणार नाही. त्यांतील किमान मानके बंधनकारक असलीच पाहिजेत.

कोकणातील मोजमाप

मुसळधार पावसामुळे आपल्याकडे इमारतीचे जोते उंच ठेवण्याची रीत आहे. उतारमार्ग, म्हणजेच रॅम्प, बांधताना चूक होते ती येथेच. मानक असे की, एक फूट उंचीसाठी बारा फूट लांबी हवी. जोते दोन फूट उंच असेल तर चोवीस फूट लांबीचा रॅम्प लागतो. जागा नाही म्हणून तो दहा फुटांत उरकला, तर चाकाच्या खुर्चीवरील व्यक्तीस तो स्वतःहून चढता येत नाही आणि उतरताना खुर्ची आवरत नाही. असा रॅम्प कागदोपत्री असतो, उपयोगात नसतो. जागा अपुरी असल्यास मध्ये सपाट टप्पा ठेवून रॅम्प वळवावा. दोन्ही बाजूंस कठडा असावा, दरवाजा किमान ९०० मिलिमीटर रुंद असावा आणि आत खुर्ची वळविण्यास सुमारे दीड मीटर मोकळी जागा असावी.

चिऱ्यावर पावसाळ्यात शेवाळ धरते, हेही विसरता कामा नये. रॅम्पचा पृष्ठभाग खरबरीत हवा, वर छप्पर हवे आणि पागोळ्यांचे पाणी त्यावर पडता कामा नये.

प्रवासाची साधनेही कायद्याच्या कक्षेत येतात. मालवणच्या जेटीवरून सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या होडीत पाऊल टाकावयाचे अंतर भरती-ओहोटीनुसार बदलते. तेथे कायम बांधलेल्या पायऱ्यांपेक्षा हलविता येणारी फळी आणि मदतीस प्रशिक्षित माणूस अधिक उपयोगी पडेल.

आपत्तीच्या वेळी

मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळाने मालवण-देवबागचा किनारा झोडपला. अशा प्रसंगी ध्वनिक्षेपकावरील सूचना कर्णबधिरास ऐकू येत नाही, फलकावरील सूचना अंधास वाचता येत नाही आणि अंथरुणास खिळलेल्याला दोन्ही कळूनही घराबाहेर पडता येत नाही. म्हणूनच जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने दिव्यांगांची नोंद ठेवावी आणि त्यांना धोक्याची सूचना द्यावी, असे कलम ८ मध्ये नमूद आहे. ही नोंद अचूक होण्यासाठी वाडीवाडीतील माहिती हवी. आणि ती ग्रामपंचायतीखेरीज अन्य कोणाजवळ असणार?

ग्रामपंचायतीने काय करावे

ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाच्या पाच टक्के रक्कम दिव्यांगांच्या कल्याणासाठी खर्च करावयाची आहे. ती वर्षअखेरीस घाईने खर्ची न टाकता तिचे नियोजन ग्रामसभेत, दिव्यांग व्यक्तींशी विचारविनिमय करून व्हावे. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र व वैश्विक ओळखपत्र ज्यांच्याजवळ नाही, त्यांची यादी करून अर्ज भरण्यास साहाय्य करावे. पावसाळ्यापूर्वी प्रत्येक वाडीतील दिव्यांगांची नावे आणि त्यांना हलविण्याची जबाबदारी घेणाऱ्यांची नावे निश्चित करावीत.

आणि आरंभ मोजपट्टीने करावा. कार्यालय, शाळा, आरोग्य उपकेंद्र व मतदान केंद्र यांचे जोते किती उंच आणि रॅम्प किती लांब, हे मोजून नोंदवहीत लिहावे. त्या दोन आकड्यांवरून आपल्या गावात कायदा दाराबाहेर थांबला आहे की आत आला आहे, हे कोणासही समजून येईल.