धूर म्हणजे न जळलेले सरपण
(अभ्यास-लेख)



गाळप हंगाम सुरू झाला की साऱ्यांचे लक्ष कारखान्याच्या धुराड्याकडे असते. काळा लोट निघाला तर गव्हाणीपुढे गाडी घेऊन उभा असलेला सभासदसुद्धा म्हणतो, "आज बॉयलर नीट चालंना वाटतं." त्याचे म्हणणे बरोबरच असते. पण हाच सभासद घरी जाऊन चुलीपुढे शेकत बसला, की तिथल्या धुराबद्दल अवाक्षर काढत नाही. चूल म्हटली की धूर यायचाच, असे आपण धरून चाललो आहोत. या अंकात आम्ही त्याच समजुतीबद्दल लिहिणार आहोत; आणि त्यासाठी थोडे लांब, थंड मुलखात जाऊन येणार आहोत.

आपल्या कार्यक्षेत्रातली कितीतरी पोरे सैन्यात आहेत. सुट्टीवर आलेल्या एका जवानाने पारावर आम्हाला काश्मिरातल्या बुखारीची हकिकत सांगितली. बुखारी म्हणजे पत्र्याची पिंपासारखी शेगडी. आत लाकूड जळते आणि धूर नळीवाटे घराबाहेर जातो. तो म्हणाला, "काका, लाकूड तेवढंच लागतं. पण झडप कशी ठेवता त्यावर खोली तापते का धुरानं भरते ते ठरतं." या एका वाक्यात गेल्या अडीचशे-पावणेतीनशे वर्षांतला शेगडीचा सारा अभ्यास आला, असे आम्हाला वाटते.

आधी लाकूड जळते म्हणजे काय होते ते पाहू. वाळलेल्या लाकडाच्या वजनापैकी सुमारे तीन-चतुर्थांश भाग तापल्यावर वायू होऊन बाहेर पडतो. ज्वाला दिसते ती या वायूची. उरलेला भाग म्हणजे कोळसा, तो निखारा होऊन सावकाश जळतो. वायू पुरा जळायचा तर त्याला सुमारे सहाशे अंश सेल्सिअसची उष्णता, पुरेशी हवा आणि थोडा वेळ, अशा तीन गोष्टी लागतात. तिन्हींतली एक कमी पडली की तोच वायू धूर होऊन निघून जातो. भिंतीवर बसते ती काजळी आणि डोळ्यांत झोंबतो तो धूर, हे तुम्ही डोक्यावर वाहून आणलेले, पण न जळलेले सरपण आहे.

ओल्या लाकडाची गोष्ट ऊस उत्पादकाला वेगळी सांगायला नको. गिरणीतून निघालेल्या बगॅसमध्ये निम्मे पाणीच असते. नुकत्याच तोडलेल्या लाकडाचेही जवळजवळ तसेच. एक किलो पाण्याची वाफ करायला सहाशेच्यावर किलोकॅलरी खर्ची पडतात. ही उष्णता भांड्याला मिळत नाहीच, वर आगीची धगही उतरते आणि वायू न जळता जातो. म्हणजे नुकसान दुहेरी. तेच लाकूड आडोशाला, पावसापासून झाकून, फोडून ठेवले तर काही महिन्यांत ओल पंधरा-वीस टक्क्यांवर येते. शेगडीची सर्वांत स्वस्त सुधारणा हीच. तिला गवंडी लागत नाही की पत्रा.

आता थंड मुलखाकडे वळू. अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७४० च्या सुमारास लोखंडी शेगडी काढली. तोवर भिंतीतल्या उघड्या कोनाड्यात लाकडे जाळीत आणि बहुतेक उष्णता धुराड्यावाटे आकाशात जाई. फ्रँकलिननी धुराला सरळ वर न सोडता एका आडव्या पोकळ पेटीवरून वळसा घालून खाली नेले, मग जमिनीखालून धुराड्यात सोडले. जाता जाता धुराने आपली उष्णता खोलीला द्यावी, ही कल्पना. कल्पना उत्तम, पण गरम धूर खाली जायला राजी नसतो. धुराडे थंड असले की ओढ लागेना आणि धूर घरातच फिरे. पुढे डेव्हिड रिटनहाऊस यांनी नळी बदलून सरळ वर जाणारी केली, तेव्हा ती शेगडी लोकांच्या उपयोगाची झाली. फ्रँकलिननी या शेगडीचे पेटंट घेतले नाही, हेही जाता जाता सांगितले पाहिजे.

स्वीडनमध्ये लाकडाची टंचाई भासू लागली तेव्हा सरकारनेच हा प्रश्न हाती घेतला. १७६७ साली क्रोनस्टेट आणि व्रेडे या दोघांनी विटांची उंच शेगडी तयार केली. तिच्या पोटात धूर वर-खाली पाच-सहा वळसे घेतो आणि सारी वीट तापवतो. शेगडी तासभर जोरात पेटवायची, जाळ विझला की झडप लावायची. मग ती वीट दिवसभर ऊब देत राहते. यातली खुबी लक्षात घ्या. आग मंद ठेवून लाकूड पुरवायचे नाही, आग जोरात करायची आणि उष्णता विटेत साठवायची. जोराच्या आगीत वायू पुरा जळतो, म्हणून धूरही थोडा.

ही खुबी विसरल्यामुळे दोनशे वर्षांनी अमेरिकेत काय घडले ते पाहण्यासारखे आहे. १९७३ च्या तेलटंचाईनंतर तिथे लोक पुन्हा लाकडाकडे वळले. बाजारात घट्ट दाराच्या शेगड्या आल्या. रात्री लाकडे भरायची, हवा जवळजवळ बंद करायची, सकाळपर्यंत धुमसू द्यायचे. मालक खूश, कारण लाकूड रात्रभर पुरले! पण धुमसणाऱ्या लाकडाचा वायू न जळता थंड नळीत जाऊन तिथे डांबरासारखा चिकटू लागला. एखाद्या दिवशी जाळ मोठा झाला की तेच डांबर पेटे आणि घराला आग लागे. खोऱ्याखोऱ्यांतल्या गावांवर हिवाळाभर धुराची चादर पसरू लागली ती वेगळीच. शेवटी १९८८ मध्ये तिथल्या पर्यावरण संस्थेने नव्या शेगड्यांना नियम लावला. साध्या शेगडीतून तासाला साडेसात ग्रॅमहून जास्त धूळ-काजळी निघता कामा नये, अशी मर्यादा १९९० पासून आली. २०२० मध्ये ती दोन ग्रॅमवर आणली गेली. नेहमीच्या ओंडक्यांवर चाचणी घेतली तर अडीच ग्रॅम.

एवढा फरक कसा पडला? शेगडीच्या आतल्या भिंतींना अग्निविटा लावल्या, म्हणजे धग आतच राहिली. जाळाच्या डोक्यावर आडवा पडदा दिला, म्हणजे वायू सरळ पळून न जाता ज्वाळेत रेंगाळला. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे हवा दोन ठिकाणी दिली. एक खालून, निखाऱ्याला. दुसरी वरून, बारीक भोकांच्या नळ्यांतून, आधीच तापवून, वायूला. काही शेगड्यांत मधाच्या पोळ्यासारखी चिनी मातीची जाळी बसवतात. तिच्यावर प्लॅटिनम किंवा पॅलेडियमचा लेप असतो, त्यामुळे धूर अडीचशे-पावणेतीनशे अंशांनाही जळतो. ही जाळी महाग असते आणि काही वर्षांनी बदलावी लागते.

वरून दुसरी हवा द्यायची ही युक्ती आपल्याला नवी नाही. बॉयलरवर काम करणाऱ्या कोणालाही विचारा. जाळीखालून हवा देणारा पंखा वेगळा, भट्टीत वरून हवा मारणारा वेगळा आणि धूर ओढून घेणारा आय.डी. फॅन वेगळा. शिवाय धुराड्याकडे जाणाऱ्या धुरावर हवा तापवून घेतात. म्हणजे जी विद्या कारखान्यात रोज चालते ती आपल्या स्वयंपाकघरात अजून आलेली नाही.

आता घरचा हिशेब करू. थंडीत एका घराला अंघोळीसाठी चाळीस लिटर पाणी वीस अंशांवरून साठ अंशांवर न्यायचे आहे असे धरा. चाळीस गुणिले चाळीस, म्हणजे सोळाशे किलोकॅलरी पाण्याला मिळायला हव्यात. वाळलेल्या लाकडातून किलोला सुमारे साडेतीन हजार किलोकॅलरी मिळतात. सारी उष्णता पाण्यात गेली असती तर अर्धा किलोसुद्धा लाकूड लागले नसते. तीन दगडांच्या उघड्या चुलीत शंभरातले दहा-बारा भागच भांड्याला लागतात, म्हणून तिथे चार किलोच्या आसपास जाते. तीस भाग लागले तर दीड किलोत काम भागते. रोजचा अडीच किलोंचा फरक. हंगामाच्या चार-पाच महिन्यांत तो तीनशे किलोंच्या वर जातो. जुन्या बंबाची रचना म्हणूनच शहाणपणाची होती. जाळ मधल्या नळीत आणि पाणी सभोवार, त्यामुळे धुराला पाण्याला चाटूनच वर जावे लागे. आज बंब अडगळीत गेले आणि पत्र्याचे डबे तीन विटांवर चढले, ही काही प्रगती नव्हे.

आपल्या देशात चुलीचा अभ्यास झालाच नाही असे नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत मगन चूल तयार झाली. हैदराबादच्या राजू यांनी १९५३ मध्ये निर्धूर चुलीवर पुस्तिका लिहिली. १९८० च्या दशकात केंद्र सरकारने सुधारित चुलीचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला. तो २००२ च्या सुमारास बंद झाला तोवर देशात तीन कोटींहून अधिक चुली बसल्या. पण त्यांपैकी पुष्कळशा काही वर्षांतच बाद झाल्या.

त्या का बाद झाल्या हे आम्ही घरच्या अनुभवावरून सांगतो. आमच्या घरीही १९८० च्या दशकात एक नळीची चूल बसली होती. पहिले दोन महिने आईने शेजारपाजारच्या बायकांना बोलावून बोलावून दाखवली. मग आम्ही एक जाड ओंडका आणला, तो तोंडात जाईना. वडिलांनी पहारीने तोंड मोठे केले. तिथेच चूल बिघडली, कारण मोठ्या तोंडातून थंड हवा वाजवीपेक्षा जास्त आत शिरते आणि जाळ थंड करते. नळी साफ करायची असते हे कोणाच्या मनातही आले नाही. दुसऱ्या पावसाळ्यात नळी काजळीने भरली, धूर उलटा घरात येऊ लागला आणि एके दिवशी आईने स्वतःच ती काढून टाकली. पुढे तिचा खोकला कधी गेला नाही आणि मोतीबिंदूही लवकर झाला. तो नुसत्या चुलीने झाला असे आम्ही म्हणणार नाही. पण चुलीच्या धुराने दम्यासारखे विकार आणि मोतीबिंदू होतो हे आता डॉक्टर मंडळी निश्चित सांगतात.

२०१६ नंतर उज्ज्वला योजनेने घरोघर सिलिंडर आला. चहा-भाजी गॅसवर होते हे खरे. पण अंघोळीचे पाणी, जनावरांची आंबोण आणि सणाच्या पुरणपोळ्या पुष्कळ घरांत अजून चुलीवरच आहेत. आणि तोडणी मजुरांच्या कोप्यांत तर सारा स्वयंपाक चुलीवर होतो. पहाटे तीन-चारला उठून ती बाई भाकरी थापते. जळण ओले, कोपी पाचटाची, छत डोक्याला लागेल एवढे, आणि मूल शेजारीच निजलेले. आपला ऊस तोडायला आलेल्या माणसांची ही गत आहे. एक ठिणगी उडाली तर कोपी राहत नाही, हे आपण सारे जाणतो.

इथे एक भेद ध्यानात ठेवावा. खोली उबवायची शेगडी जड विटेची हवी, कारण तिला उष्णता साठवायची असते. स्वयंपाकाची चूल मात्र आतून हलकी हवी. जाड मातीची किंवा जुन्या जड अग्निविटांची चूल आधी स्वतः तापते, मग भांडे तापवते. आणि भाकऱ्या झाल्यावर तापलेली माती तशीच वाया जाते. अमेरिकेतल्या लॅरी विनियार्स्की यांनी १९८० च्या दशकात इंग्रजी 'एल' अक्षराच्या आकाराची 'रॉकेट' चूल मांडली ती याच तत्त्वावर. आडव्या तोंडातून लाकडे, उभ्या नळीत जाळ, आणि नळीभोवती उष्णता अडवणारी हलकी भर. अशी भर म्हणून कोरडी राख चालते. बॉयलरची राख आपल्याकडे ढिगांनी पडून असते!

मापे साधारण अशी धरावीत. तोंड चार ते साडेचार इंच चौरस, त्याहून मोठे नको. तोंडात निम्म्या उंचीवर पत्र्याची फळी. लाकडे फळीवर आणि हवा फळीखालून. लाकडे टोकाला जळतील तशी पुढे सरकवायची, एकदम कोंबायची नाहीत. उभी नळी सुमारे एक फूट. बाहेरून मोठा डबा, मधल्या जागेत चाळलेली कोरडी राख दाबून न भरता सैल भरायची. दाबली किंवा भिजली की तिचा गुण जातो. भांड्याभोवती पत्र्याचे कडे, भांडे आणि कडे यांत बोटाएवढी फट. धूर त्या फटीतून भांड्याला घासत वर जातो, निम्मी बचत तिथेच होते. आतला पत्रा जळून जातो हे खरे, दर हंगामाला तो बदलण्याची तयारी ठेवावी.

नळी छपराबाहेर काढली असेल तर तिचे तोंड आढ्याच्या वर हवे, नाहीतर वारा धूर परत आत ढकलतो. नळी दर पंधरवड्याला झाडावी. आणि एक इशारा: रात्री थंडी वाजते म्हणून कोळशाची शेगडी दारे-खिडक्या लावून खोलीत ठेवू नका. निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो आणि धूरही दिसत नाही. माणूस झोपेतच जातो.

एका सभासद भगिनीने विचारले, या चुलीत पाचट जाळले तर? जळेल, पण भराभर जळून जाईल आणि सारखे पुढे बसावे लागेल. पाचटाचा कोळसा करण्याचे तंत्र पुण्याच्या 'आरती' संस्थेने डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली विकसित केले. त्याला २००२ मध्ये अॅशडेन पुरस्कारही मिळाला. तरी आमचे मत असे, की खोडव्याचे पाचट सरीतच राहू द्यावे. चुलीला तुरकाट्या, बाभळीच्या फांद्या, बांधावरची सुबाभूळ पुरेशी आहे. फक्त ती दिवाळीआधी फोडून, छपराखाली उभी करून ठेवावी.